तुळशीचं लग्न झालं की कुंड्या आत

अगं, बेळगावची थंडी पहिल्यांदाच बघतेस म्हणून सांगते. आपण अडीच हजार फुटांवर आहोत. परतीचा पाऊस थांबला की पहाटेचा गारवा एकदम वाढतो. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायला हरकत नाही, मग मात्र अडेनियम, क्रोटन, अँथुरियम, मनी प्लांट पडवीत किंवा पूर्वेच्या खिडकीशी घे. सगळं घरात कोंबू नकोस. गुलाब, शेवंती, झेंडू यांना हीच हवा मानवते, ते अंगणातच राहू देत.

आत आणण्याआधी प्रत्येक पान उलटं करून बघ. देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. एका वर्षी मी न बघता एक जास्वंद आत आणली आणि महिन्याभरात खिडकीतली सगळी झाडं चिकट झाली. फार वाईट वाटलं होतं. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल नि दोन थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण घाल, नीट हलव आणि संध्याकाळी फवार. आठवड्याने पुन्हा. तोवर ती कुंडी वेगळी ठेव.

पाणी कमी कर. नवशिक्यांची झाडं थंडीपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत घाल, कोरडं लागलं तरच दे, तेही सकाळी. अडेनियमची पानं गळतील, घाबरू नकोस, ते झोपतंय.

वृंदावनातली तुळस हलवता येत नाही, तिच्यावर रात्री जुनं सुती लुगडं टाक, सकाळी काढ.

आणि ज्या रविवारी कुंड्या आत घेशील, त्याच दिवशी पन्हाळीतला पाला काढ, गोधड्यांना ऊन दाखव.