कोल्ड्रिंकच्या कॅनची किंवा प्लॅस्टिक बाटलीची चिलीम चालते का?

नाही, दोन्ही टाळा. मातीची साधी चिलीमच बरी. कॅनला आतून पातळ प्लॅस्टिकचा थर आणि बाहेरून रंग असतो. निखारा टेकतो तिथे दोन्ही जळतात आणि तो धूर थेट छातीत जातो. बाटलीचं प्लॅस्टिक तर २५०-२६० अंशांना वितळतं, पेटत्या निखाऱ्याचं तापमान त्याच्या दुपटीहून जास्त. पीव्हीसी पाइप सगळ्यात वाईट, तापला की हायड्रोजन क्लोराइड सोडतो. भाजलेल्या मातीत जळण्यासारखं काही नसतं. आतला खडा मात्र गोल नको: गोटी नेमकी भोकात बसते आणि ओढच लागत नाही. तीन-चार कोन असलेला घ्या, म्हणजे कडेनं धूर जातो आणि राख वर अडते. छापी, म्हणजे चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचं फडकं, सुती, भिजवून घट्ट पिळलेली हवी; कोरडीतून गरम राख तोंडात येते. पण छापीनं धूर ‘गाळला’ जातो हा गैरसमज आहे. राख आणि थोडं कीट अडतं, कार्बन मोनॉक्साइड नाही. आणि चिलीम कशाचीही असो, भारतात गांजा ओढणं १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.