वाचकांचे प्रश्न : टेरियरचे पिल्लू आणण्यापूर्वी

प्रश्न : आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे आहे. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. कुत्रा लहान चणीचाच हवा, म्हणून जॅक रसेल किंवा यॉर्कशायर टेरियर घेण्याचा विचार आहे. दोन्ही जाती अंगाने लहान असल्यामुळे सांभाळायला सारख्याच असतील ना?

उत्तर : आपला बाकीचा विचार पटण्यासारखा आहे, शेवटचे वाक्य मात्र मान्य करता येत नाही. कुत्र्याची चण पाहून त्याला जागा किती लागेल याचा अंदाज येतो, पण त्याला दिवसभर काम किती लागेल, हे त्याच्या पूर्वजांकडून काय करून घेतले गेले यावर ठरते. ‘टेरियर’ हे नावच जमीन या अर्थाच्या लॅटिन ‘टेरा’ शब्दाशी नाते सांगते, कारण कोल्ह्याच्या किंवा बिज्जूच्या बिळात शिरायचे, मालक दिसेनासा झाला तरी माघार घ्यायची नाही आणि आपण कुठे आहोत हे वर उभ्या असलेल्या माणसांना भुंकून कळवायचे, यासाठी हे कुत्रे पैदा केले गेले. त्यामुळे कुंडीतील माती उकरणे, हाक ऐकून न ऐकल्यासारखे करणे आणि जिन्यात पाऊल वाजले की भुंकणे या आपण ज्यांना खोड्या म्हणू, त्या गोष्टी एके काळी त्यांची गुणवत्ता मानल्या जात. पिल्लू फडके तोंडात धरून मान डावी-उजवीकडे कशी झटकते, हे एकदा नीट पाहावे. उंदीर मारण्याची ती जुनी रीत आहे.

जॉन रसेल या इंग्रज पाद्र्याने १८१९ मध्ये ऑक्सफर्डला एका दूधवाल्याकडून ‘ट्रंप’ नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून कोल्ह्याच्या शिकारीसाठी टेरियरची पैदास सुरू केली, असे सांगितले जाते. आजचा जॅक रसेल पाच-सहा किलोंचाच असतो, पण शिकारी घोडे आणि मोठे कुत्रे यांच्या मागोमाग मैलोन्‌मैल जाण्याची ताकद त्याच्यात अजून आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभराहून अधिक वेळ बाहेर घेऊन जाणारे आणि डोक्याला काही खाद्य देणारे माणूस घरात नसेल, तर तो आपले काम आपणच शोधतो. त्यातून वेगाने वळणारे ते जनावर सासूबाईंच्या पायात येण्याची भीती मला अधिक वाटते. आपल्या घरासाठी मी तो सुचवणार नाही.

यॉर्कशायरचा इतिहासही लाडाकोडाचा नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडच्या कापड गिरण्यांतील कामगारांनी हे कुत्रे उंदीर मारण्यासाठी पाळले. रेशमी केस आणि कपाळावरची रिबीन हा नंतरचा थाट आहे. त्याचे वजन जेमतेम तीन किलोंपर्यंत असते आणि तुलनेने थोडे फिरणे त्याला पुरते. मात्र, कोचावरून उडी मारली किंवा मुलांच्या हातून निसटला तरी त्याचा पुढचा पाय मोडू शकतो, म्हणून आपल्या मुलीला त्याला उचलून न घेता जमिनीवर बसूनच खेळवण्याची सवय लावावी लागेल. या जातीची श्वासनलिकाही नाजूक असते. फिरवताना गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा. या दोहोंत निवड करायची तर मी यॉर्कशायरकडे झुकेन. थोडा दणकट कुत्रा चालत असेल, तर सहा-सात किलोंचा केर्न टेरियरही पाहावा. पण कुठलीही जात घेतली, तरी पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचा, स्वभाव कळलेला कुत्रा वृद्ध माणसांच्या घरात अधिक लवकर रुळतो.

प्रश्न : एका विक्रेत्याने ‘टीकप यॉर्की’ म्हणून सहा आठवड्यांचे पिल्लू दाखवले. त्याची आई दुसरीकडे आहे, पण पिल्लू घरपोच देतो, असे तो म्हणतो. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. ‘टीकप’ नावाची स्वतंत्र जात नाही. अतिलहान पिलांना दिलेले ते विक्रीसाठीचे नाव आहे. अशा पिलांच्या रक्तातील साखर एखादे खाणे चुकले तरी झपाट्याने उतरते, ती लुळी पडतात आणि वेळीच उपचार न झाल्यास दगावतात. वाढ खुंटलेल्या यॉर्कशायर पिलाच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी लागते. आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरात जाण्याचा जन्मजात दोष या जातीत आढळतो.

पिलाने किमान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. नाजूक जातींची पिले त्याहून थोडी अधिक थांबली तर उत्तमच, कारण कितपत जोराने चावायचे हे ती आई आणि भावंडांकडूनच शिकतात. विक्रेता आई दाखवत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. आई समोर आल्यावर तिच्या सडांकडे पाहावे. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीचे सड भरलेले दिसतात, आणि दाखवलेली कुत्री तशी नसेल तर ती त्यांची आई असेलच असे नाही. ती परक्या माणसाला पाहून दोनदा भुंकली तर बिघडत नाही, पण थरथरत कोपऱ्यात दडली किंवा अंगावर आली तर पिलाच्या स्वभावाची काळजी करावी. पिल्लू चालताना मधूनच मागचा पाय उचलून उड्या घेत असेल, तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता असते. लसींची आणि जंतांच्या औषधाची नोंद कागदावर मागावी आणि आपल्या पशुवैद्याने तपासल्यानंतरच व्यवहार पक्का धरला जाईल, ही अट आधी घालावी. प्रामाणिक ब्रीडर या अटीवर रागावत नाही. उलट आपल्या घरात दिवसभर कोण असते, हे तोच विचारतो.

प्रश्न : टेरियरचे केस गळत नाहीत, हे खरे का? माझ्या मुलाला ॲलर्जी आहे.

उत्तर : अर्धे खरे आहे. यॉर्कशायरचे केस कमी गळतात, पण वाढत राहतात आणि रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात. राठ केसांच्या टेरियरचे मेलेले केस हाताने उपटून काढावे लागतात. शिवाय ॲलर्जी मुख्यतः केसांमुळे नव्हे, तर कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते. त्यामुळे मुलाला त्याच कुत्र्याजवळ तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी तासभर बसवून पाहावे आणि मगच विसार द्यावा.