वाचकांचे प्रश्न : ‘आपण नेमके कुठले?’

प्रश्न : मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहते. वय 74. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी (ज्यू). सासरचे मूळ गाव अलिबागजवळचे आणि आडनावही त्या गावावरूनच पडलेले. माझे थोरले दीर 1960 च्या सुमारास इस्रायलला गेले, पुढे माझा मुलगाही गेला आणि अश्दोदला स्थायिक झाला. यंदा नव्या वर्षाच्या सणांना माझा 12 वर्षांचा नातू महिनाभर येत आहे. वर्गातली मुले त्याला ‘होदी’, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणतात, इथे आला की शेजारी त्याला इस्रायलचा पाहुणा म्हणतात. फोनवर त्याने विचारले, “सावता (आजी), आपण नेमके कुठले?” मला उत्तर देता आले नाही. मुलगा म्हणतो, घर विकून तिकडेच ये. पण यजमानांची कबर इथे आहे. मी काय करावे?
– एक आजी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आजी, नातवाचा प्रश्न मराठी माणसाला अगदी ओळखीचा आहे. ‘तुम्ही कुठले?’ असे कोणी विचारले की आपण देशाचे नाव सांगत नाही, गावाचे सांगतो, आणि तुमच्या आडनावातला ‘कर’ हेच उत्तर पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही तुमच्या पूर्वजांची कथा तुम्ही त्याला सांगालच; पण त्यापुढचेही सांगा, की तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणातल्या शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. या एका नावात शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवसही आहे आणि कोकणही आहे, आणि ते शेजाऱ्यांनी दिलेले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वर्गातल्या मुलांच्या बोलण्याने त्याचे मन दुखावले असेल, तर त्याला थोरल्या आजोबांच्या पिढीची हकीकत जरूर सांगावी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत शंका काढली, तेव्हा आपल्या माणसांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केले आणि 1964 मध्ये ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे मान्य करून घेतले. तुमचे दीर त्या वेळी तिथेच होते; त्यांच्याकडून किंवा त्यांच्या मुलांकडून ऐकलेल्या आठवणी तुमच्यापाशी असतील, तर त्या माझ्या चार ओळींपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतील.

त्याला मराठी फारसे येत नसेल आणि तुम्हाला हिब्रू बोलणे जड जात असेल, तर बोलण्यावर फार भिस्त ठेवू नका. त्याला हाताशी घ्या. सणाच्या चिकाच्या हलव्यासाठी गहू भिजत घालाल तेव्हा रोज पाणी बदलण्याचे काम त्याच्याकडे द्या. गहू वाटून, गाळून, चीक खाली बसला की वरचे पाणी हलक्या हाताने ओतायला त्याला सांगा, आणि नारळाचे दूध व साखर घालून तो चीक शिजायला ठेवलात की उलथणे त्याच्या हाती द्या. मिश्रण घट्ट होऊन भांड्याची कड सोडेपर्यंत हात दुखतो, आणि त्या दुखण्यात नारळाचेच दूध का, हे आपोआप विचारले जाते. मग मांसाच्या जेवणाबरोबर दुभत्याचे दूध चालत नाही हा नियम आणि कोकणातली नारळाची झाडे यांची गाठ कशी पडली, ते त्याला ताटात थापलेल्या वड्यांकडे बोट दाखवून सांगता येईल. काळ्या मनुका भिजवून किद्दूशचे, म्हणजे शब्बाथ-सणांच्या आशीर्वाद-प्रार्थनेचे, सरबत करायलाही त्यालाच बसवा.

1879 मध्ये बांधलेल्या तुमच्या ‘शाआर हाशामायिम’ सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, त्याला घेऊन जाल, तेव्हा त्याचे वडील लहानपणी कोणत्या बाकावर बसत, तो बाक दाखवा. पुढच्या वर्षी तेराव्या वर्षी तोरावाचनासाठी (तोरा म्हणजे यहुद्यांचा धर्मग्रंथ) त्याला बोलावतील तेव्हा ‘अमुक बेन (मुलगा) अमुक’ असे वडिलांचे नाव जोडूनच बोलावतील, मग ते ठाण्यात असो वा अश्दोदला. हे त्याला त्या बाकापाशीच सांगितलेत तर मनात राहील.

घराबद्दल माझे मत स्पष्ट आहे : नातू इथे असताना हा विषय काढू नये आणि घाईने घर विकू नये. इस्रायलचा 1950 चा परतीचा कायदा तुमच्यासाठी पुढेही खुला आहे. उलट दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते, आणि ते पाऊल सावकाश, कुटुंबाशी बोलूनच उचलावे. भारतीय मुळाच्या मुला-नातवंडांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेता येते, त्यामुळे त्यांची ये-जा सोपी होईल. मुलाने ते काढले नसेल तर आधी त्याला ते काढायला सांगा. यजमानांच्या कबरीपाशी नातवाला सोबत न्या. कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, मुलाने म्हणायचे असते, पण आजोबांच्या दगडावर खडा ठेवायला नातवाचा हात चालतो.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. आजोबा इस्रायलला गेले, वडील इथेच राहिले. मूळ गाव शोधायचे आहे. कुठून सुरुवात करावी?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : घरातला जुना कतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, आधी शोधावा, त्यात वधूवरांची व वडिलांची नावे असतात. पनवेलचे ‘बेथ एल’ सिनेगॉग 1849 चे असून तुम्हाला जवळचे आहे. तिथल्या वयस्कर मंडळींना भेटा. कोकणातल्या कबरस्तानांत मराठी मजकुराचे दगड आढळतात. त्यांवर अब्राहमचे आबाजी, सॅम्युएलचे सामाजी अशी रूपे दिसतील. म्हणून बायबलमधल्याच नावावर अडून राहू नका. शनिवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी शब्बाथ असतो. रविवारी सकाळी निघा.