कोकणातल्या पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी

मार्गाचा नकाशा आला की अंतराआधी चढ बघा. हाफ 21.0975 किलोमीटरचीच असते, पण आपल्याकडे खाडीचा पूल संपला की रस्ता थेट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढतो. रत्नागिरीत भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला एकदा सावकाश धावून या, म्हणजे कळेल. चढावर वेग नव्हे, दम सारखा ठेवा. पावलं आखूड, नजर आठ-दहा मीटर पुढे. चालावं लागलं तर खुशाल चाला. खरा घात उताराचा. टाच आपटत, ब्रेक लावत उतरलात की मांड्या भरून येतात आणि शेवटचे पाच किलोमीटर पाय उचलत नाहीत. म्हणून सरावात उतारही हवा, नुसती पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू नको. तिरक्या वाळूवर तर घोटा दुखतो.

दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे 15-20 सेकंद हळू काढा. वाटेतल्या पाण्याच्या टेबलावर तहानेप्रमाणे 100-150 मिली, घोट घोट. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम, पण आधी सरावात पिऊन बघा.

मनगटावरचं जीपीएस घड्याळ 21.3 किलोमीटर दाखवेल, आयोजकांशी भांडू नका. मोजणी वळणाच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने होते, आपण बाहेरून धावतो. परतीचं वळण आणि तिथली टायमिंगची मॅट (तुमची वेळ नोंदवणारी पट्टी) मात्र चुकवू नका, नाहीतर निकालात नाव येणार नाही.