पहिल्या सेमिस्टरला एवढंच बघ

अरे, अभ्यास, श्रद्धा, प्रेम, करिअर, हे चारही प्रश्न एकदम सोडवायला बसू नको. आधी अभ्यास. जुन्या प्रश्नपत्रिका आत्ताच मिळव. एक युनिट झालं की त्यातले प्रश्न घड्याळ लावून हाताने लिही. बहुतेक पोरं आदल्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडे रांग लावतात, तिथेच घसरतात.

मित्र हसतात म्हणून टेकडी गणपतीच्या देवळात जाणं सोडू नको, आणि आई रागावते म्हणून जाऊही नको. श्रद्धेचा निकाल सेमिस्टरमध्ये लागत नसतो. बाबासाहेबांनी १९३५ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १९५६ला, आपल्या नागपुरात. मधे २१ वर्षं!

प्रेमात पड ना बापा, पण रोजची संध्याकाळ फुटाळा तलावावर आणि लायब्ररीला दांडी, हे नको. एमपीएससी की नोकरी, ते दुसऱ्या वर्षी विचार.