जाळीच्या पानाची काळी कडा

प्रश्न : मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोड (एकेक क्रिया करणारे ठोकळे) जोडून पिंपळाच्या जाळीदार पानाचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचे चित्र, तयार केले आहे. पृष्ठभागाचे पेशींसारखे तुकडे पाडणाऱ्या व्होरोनॉय नोडमधून शिरांची जाळी मिळवली, तिने पानाच्या रंगाला गुणले आणि तीच जाळी अल्फालाही (पारदर्शकता ठरवणाऱ्या किमतीला) जोडली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक शिरेभोवती काळपट रेघ दिसते. शिवाय सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या रेंडर इंजिनात) अशा पानांचा ढीग रचला की काही ठिकाणी काळे डाग पडतात. चूक कोठे होत आहे?
— ॲनिमेशनची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पहिल्या दोषाचे कारण आपल्या प्रश्नातच आले आहे, जाळीने रंगाला गुणायला नको होते. शिरेचा रंग ०.८ आणि तिच्या कडेवरच्या पिक्सेलचा अल्फा ०.५ आहे, असे धरू (रंगात ० म्हणजे काळा व १ म्हणजे पांढरा; अल्फात ० म्हणजे पूर्ण पारदर्शक व १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक). पांढऱ्यावर तो पिक्सेल ठेवल्यावर रंगाचा निम्मा वाटा ०.४ आणि पांढऱ्याचा निम्मा वाटा ०.५ मिळून ०.९ यायला हवे. आपण मात्र रंग आधीच ०.४ करून ठेवला; अल्फाने तो पुन्हा निम्मा झाल्यावर ०.२ उरला आणि बेरीज ०.७ झाली. हा ०.७ पार्श्वभूमीपेक्षा तर गडद आहेच, पण खुद्द शिरेपेक्षाही गडद आहे, आणि म्हणूनच डोळ्याला तेथे रेघ जाणवते.

अल्फाने आधीच गुणलेला रंग साठवणे ही मुळात चूक नव्हे. पोर्टर आणि डफ या संगणकचित्र-संशोधकांनी १९८४ साली प्रतिमा एकमेकींवर रचण्याचे जे गणित मांडले, ते अशाच गुणलेल्या रंगांवर उभे आहे, आणि ओपन-ईएक्सआर या प्रकारच्या चित्रफायलींतही रंग सहसा तसाच ठेवतात. पीएनजी या चित्रफायलीमध्ये मात्र न गुणलेला रंग ठेवायचा असतो, आणि प्रिन्सिपल्ड शेडरलाही (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या ब्लेंडरच्या नोडलाही) बेस कलरमध्ये तसाच रंग लागतो. घोटाळा होतो तो एकाच रंगाला दोनदा गुणले गेल्यामुळे.

तेव्हा रंगाची आणि पारदर्शकतेची साखळी शेवटपर्यंत वेगळी ठेवावी. पानाचा रंग जाळीच्या भोकांतही अखंड पसरू द्यावा. तो तेथे दिसणार नाही, पण टेक्स्चर लहान होताना शेजारचे पिक्सेल मिसळले जातात, तेव्हा काळ्याऐवजी पानाचाच रंग मिसळेल. जाळीसाठी व्होरोनॉयमध्ये ‘डिस्टन्स टू एज’ (कडेपासूनचे अंतर) निवडल्यास पेशीच्या कडेवर शून्य मिळते आणि आत किंमत वाढत जाते, म्हणून कलर रॅम्पमध्ये (किमतींना रंग देणाऱ्या नोडमध्ये) डावीकडे पांढरा व उजवीकडे काळा ठेवावा आणि तो थेट अल्फाला जोडावा. (व्होरोनॉयच्या रेघा सरळसोट असतात, जोडण्यापूर्वी नॉइज नोडने निर्देशांक थोडे हलवले नाहीत, तर पिंपळाऐवजी फरशीच्या तड्यांचा भास होतो. मधली शीर तर वेगळीच काढावी लागते.) जाळी स्वतंत्र करड्या प्रतिमेत बेक करून (म्हणजे प्रतिमा म्हणून साठवून) पुन्हा वापरणार असाल, तर तिचे कलर स्पेस ‘नॉन-कलर’ (रंग नव्हे, नुसते आकडे) ठेवायला विसरू नये, नाहीतर ०.५ ही किंमत सुमारे ०.२१ अशी वाचली जाते आणि शिरा रोडावतात.

काळ्या डागांचा टेक्स्चरशी बहुधा संबंध नाही. सायकल्समधील प्रकाशकिरण पारदर्शक पृष्ठभागांतून किती वेळा पार जाऊ शकतो, यावर मर्यादा असते आणि मूळ मांडणीत ती ८ आहे. त्यापुढच्या पृष्ठभागाशी किरण थांबतो आणि तेथे काळे दिसते. पानाला जाडी दिली असेल, तर एकेका पानात दोन पृष्ठभाग मोजले जातात, म्हणजे चार पानांतच मर्यादा संपते. रेंडरच्या मांडणीत ‘लाइट पाथ्स’खाली ‘ट्रान्सपरंट’ हा आकडा २४ किंवा ३२ करून पाहावा. रेंडरला वेळ थोडा जास्त लागेल, म्हणून ढिगातल्या पानांची जाडी काढून टाकणे हाच मला त्याहून बरा उपाय वाटतो; जाळीच्या पानाला तशीही जाडी कोठे असते?