विकाले कायले आनली, हे आधी विचार

चि. बाबूस अनेक आशीर्वाद,

पुढच्या बाजारात दोन गायी आणि जमलं तर एक गोऱ्हा घ्यायचा विचार आहे, असं तू कळवलंस. जोडीचा बैल पारखायला सोपा असतो. जुपला, तासभर वखर ओढायला लावला की कळतो. पैदाशीच्या ढोराचं तसं नाही. कूस बाहेरून दिसत नाही. म्हणून किंमत नंतर विचार, आधी विचार, "विकाले कायले आनली?", म्हणजे विकायला का आणली?

वेळेवर गाभण राहणारी, चारही सड चालू असलेली, शांत गाय घरधनी सहसा बाजारात आणत नाही. ती सोयऱ्याधायऱ्यांत किंवा शेजारीपाजारीच जाते. बाजारात आली तर कुटार, म्हणजे सुका चारा, संपलं असेल, घरात लग्न-दवाखाना निघाला असेल, नाही तर ढोरातच खोट असेल. पहिल्या दोन कारणांत तुझा फायदा आहे. तिसरं शोधून काढायचं. हेड्याला, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याला, विचारून उपयोग नाही, त्याच्याकडेच ती आठ दिवसांपूर्वी आलेली असते. कासरा घरधन्याच्या हातात असलेलं ढोर पाहा आणि गाव जवळ असेल तर थोडासा बयाना देऊन सरळ त्याच्या गोठ्यात जा. तिची आई, बहीण, मागच्या वेताची कालवड तिथे बांधलेली दिसली तर बाजारात चार तास घासाघीस करून जे कळत नाही ते दोन मिनिटांत कळतं.

कानातला बिल्ला बघ. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय गुरांची खरेदी-विक्री करता येत नाही. त्यावरचा 12 अंकी नंबर गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाकडून ऑनलाइन तपासून घे. नोंद नीट केलेली असेल तर मालकाचं नाव, लस आणि रेतनाची तारीखही मिळते. कानाचं छिद्र ताजं, ओलं असेल तर बिल्ला कालच मारला असं समज आणि का मारला ते विचार.

वय दातांवरून धर. समोरचे आठ दात फक्त खालच्या जबड्यात असतात. सगळे दुधाचे असले तर आदत, दोन-सव्वादोन वर्षांच्या आतली. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षं, चार दाती तीनच्या आसपास, सहा दाती साडेतीन ते चार, आठही पक्के झाले म्हणजे साडेचार-पाचच्या पुढे. त्यानंतर झीज पाहायची. शिंगावरच्या कड्या मोजून वेतं काढतात, पण काचेने शिंग घासून वर तेल चोळलं की कड्या जातात. गुळगुळीत चकचकीत शिंग दिसलं तर तोंड उघडून पाहायचा आळस करू नको.

कासेत सगळ्यात जास्त फसवणूक होते. बाजाराच्या आदल्या दिवसापासून धार काढत नाहीत, दूध तुंबवतात आणि कास टरटरून दिसते. तिला भुलू नको. भरलेली कास रिकामी कर, मगच ती खरी कळते. प्रत्येक सडाच्या पहिल्या चार-पाच धारा काळ्या कापडावर घे. गाठी, पाणी, रक्ताची रेघ दिसली तर तो सड बहुधा कासदाहाने, म्हणजे कासेच्या सुजेने, बिघडलेला आहे. रिकामी झालेली कास मऊ, सुरकुतलेली हवी. आत दगडासारखी गाठ हाताला लागली तर भाव निम्मा केला तरी घेऊ नको. दुधाचा आकडा मान्य करायच्या आधी लागोपाठ तीन वेळची धार तुझ्यासमोर काढायला सांग. पहिली तुंबवलेली असते, ती सोडून दे, पुढच्या दोन मोज. नकार आला तर त्यातच उत्तर आलं.

"गाभण आहे" या दोन शब्दांचे हजारो रुपये मोजावे लागतात. पोट पाहून सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नको. तीन महिन्यांची गाभण डॉक्टर हाताने तपासून खात्रीने सांगतो. त्याची फी ही सगळ्यात स्वस्त खरेदी आहे. रेतनाची तारीख विचार आणि तिच्यात 280 दिवस मिळव. "सातवा महिना" म्हणणाऱ्याचं गणित तिथेच उघडं पडतं. जुळ्यात गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड कितीही देखणी असली तरी घेऊ नको, शंभरातल्या नव्वदांच्या वर वांझ निघतात. विकणारा हे स्वतःहून सांगणार नाही, "एकटीच झाली होती का?" असं तूच विचार.

आपल्याकडच्या उन्हात उपयोगी पडणारी आणखी एक पारख आहे. खुरकुतातून उठलेली काही जनावरं वरून बरी दिसतात, पण अंगावरचे केस वाढलेले, विस्कटलेले राहतात आणि ऊन लागलं की धापा टाकतात. अशी गाय वारंवार उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही. दुपारी अकरानंतर तिला पंधरा मिनिटं उन्हात उभी कर आणि शेजारच्या गायीशी तिचा श्वास ताडून पाहा. सकाळी सातच्या गारव्यात हे दिसणार नाही.

गोऱ्ह्याचं थोडक्यात सांगतो. दोन दाती घे. दोन्ही अंड सारखे, टणक, आत हलते असावेत. मागचे पाय सरळ आणि खूर घट्ट असावेत. आईचं दूध आणि तिची वेतं विचार. लठ्ठ गोऱ्हा म्हणजे चांगला वळू नव्हे. तीन वर्षांनी त्याच्याच कालवडी माजावर येतील, तेव्हा तो बदलावाच लागेल.

जातीवरून वाद घालत बसू नको. वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा घाडगेचा पट्टा गवळाऊ जातीचा आहे. ओढकामाला ती चपळ, उन्हाला टिकणारी, पण वेताला साधारण 600 लिटरची गाय आहे. दुधाचा धंदा करायचा असेल तर हे आधीच मनाशी ठरव. हेटीकुंडीच्या शासकीय प्रक्षेत्रासारख्या ठिकाणी जादा जनावरांचा जाहीर लिलाव निघाला तर जरूर जा. तिथे वंशावळीची नोंद असते, बाजारात ती मिळत नाही. पण लिलावात अनामत भरण्याआधी जनावर दिवसाउजेडी तपासून घे. बोली तुझ्यावर सुटली की परतीचा रस्ता नाही. आपला वरचा आकडा घरूनच कागदावर लिहून ने आणि बोली त्याच्या पुढे गेली की हात खाली घे.

बाजारात सौदा अजूनही रुमालाखाली बोटांनी होतो. दलाल दोन्हीकडून घेतो, ते गृहीत धर. कासरा हातात घेतलास की सौदा पक्का, म्हणून सगळ्या अटी त्याआधी बोल आणि चिठ्ठीवर लिहून घे: बिल्ल्याचा नंबर, वेत, गाभण किती महिने, आणि गाभण नसेल तर किती रक्कम परत. बाजार समितीची पावती आणि डॉक्टरांचा दाखला गाडीत ठेव. राज्यात 2015 पासून गोवंश हत्याबंदी कडक आहे, कागद नसतील तर रस्त्यात अडवले जाशील. रस्त्यावरच्या एका मालवाहू गाडीत सहाच्या वर गुरं भरू नये, असा नियम आहे. शेवटच्या महिन्यातली गाभण गाय तर अजिबात हलवू नको.

घरी आणलीस की थेट दावणीला बांधू नको. 21 दिवस वेगळी, चारा-पाण्याची भांडीही वेगळी. गोचीड काढ, जंतनाशक दे, पण गाभण गायीला डॉक्टरांना विचारूनच. जुना चारा आठवडाभर हळूहळू बदल, नाही तर पोट बिघडतं आणि तू म्हणशील गायच खोटी. याच दिवसांत ब्रुसेला या सांसर्गिक रोगाच्या तपासणीसाठी तिचं रक्त दे. पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडते त्यामागे अनेकदा हेच असतं, आणि तो माणसालाही होतो. गाभडलेलं वासरू, जार उघड्या हाताने उचलू नको. घरी कालवडी असतील तर त्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचायची ब्रुसेलाची लस दिली आहे का, तेही पाहून घे.

मार्च ते मे भाव पडतात, कारण चारा-पाणी दोन्ही आटतं. तुझ्याकडे तोवर चार महिन्यांचं कुटार साठलेलं असेल तरच त्या दिवसांत घे. नसेल तर तू उन्हाळ्यात स्वस्त घेशील आणि पोळ्याआधीच तोट्यात विकशील.

तुलाही कधी ना कधी विकायला उभं राहावं लागेल. तेव्हा खोट लपवू नको. पंचक्रोशीत चेहरे तेच असतात, पुढच्या बाजारीही तीच माणसं भेटतात.

बाजाराच्या दोन दिवस आधी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आणि रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या त्यांच्याकडे शिल्लक आहेत का, तेही विचार.

तुझा,
काका